वंदना नको म्हणाली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या आईला नाही, इथल्या मैत्रिणींना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट सांगता येणार नाही.

अविनाश, माझा नवरा, कुवेतमध्ये एका तेलकंपनीच्या प्लांटवर इंजिनिअर होता. मी क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन. राहायला अबू हलीफाला. एके दिवशी कामावरच त्याला पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. जीभ जड झाली, पण समजत सगळं होतं. चार महिने तो सरकारी इस्पितळात होता. मग कंपनीने नोकरी संपवली, म्हणजे त्याचा अकामा — इथे राहायचा परवाना — संपणार. त्याला नाशिकला पाठवणं भाग होतं. मला नोकरी सोडता येत नव्हती. की सोडायची नव्हती?

नाशिकजवळ सरकारी खर्चाने चालणारं एक शुश्रूषा केंद्र आहे. अट अशी, की रुग्णाच्या नावावर घर, ठेवी काही नको. आमचा नाशिकचा फ्लॅट दोघांच्या नावावर. वकील फोनवर म्हणाले, "त्यांचा हिस्सा तुमच्या नावावर करून घ्या, नियमात बसतं." बसत होतंही. कागदात काही खोट नव्हती. खोट दुसरीकडे होती.

मला संशय होता — वंदनाचा. वंदना म्हणजे अविनाशची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून नाशिकला भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. दर शुक्रवारी भावाबहिणीचा फोन. मी चहा घेऊन खोलीत गेले की त्याचा आवाज खाली यायचा — की मला तसं वाटायचं? तो इस्पितळात असताना मी त्याचा मोबाइल उघडला. तिचा जुना मेसेज होता. 'दादा, फ्लॅटचं वहिनीशी बोललास का?' बस. मागे काही नाही, पुढे काही नाही. महिनाभर मी तेवढीच ओळ चघळत होते. गाडी सिग्नलला थांबली की तीच ओळ. काय बोलायचं होतं माझ्याशी? अर्धं घर बहिणीला द्यायचं? अविनाशला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. मी विचारलं नाही. खरं काय होतं ते मला आजही ठाऊक नाही.

आणि मग वंदनाचाच फोन आला. "वहिनी, दादाला केंद्रात नका ठेवू. मी करीन त्याचं सगळं. तुमच्या फ्लॅटवर राहू आम्ही दोघं."

तुमच्या फ्लॅटवर! मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. एकदा ती तिथे राहायला आली, की निघेल का? मी म्हटलं, "त्याला विचारून सांगते."

दुपारी इस्पितळात गेले. केंद्राचं आणि वकिलांच्या कागदांचं त्याला आधीच सांगितलं होतं; कागद पर्समध्येच होते. अविनाशने विचारलं, "वंदना... काय म्हणाली? मला... सांभाळेल?"

"नको म्हणाली," मी म्हटलं. "तिला जमणार नाही."

इतकं सहज. बाजूला फिलिपिनो नर्स त्याचं ब्लडप्रेशर बघत होती. तिच्याकडे बघून मी हसलेसुद्धा.

त्याने हात पुढे केला. मग म्हणाला, "कागद दे." आठवड्याभराने व्हीलचेअरवरून त्याला दूतावासात नेलं. तिथे त्याने मुखत्यारपत्रावर उजव्या हाताने सही केली — आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं का? त्या नजरेचाही मला संशयच आला.

वंदनाला मी कळवलं, "तोच नको म्हणतोय. तुझ्यावर भार नकोय त्याला."

केंद्रात तो दीड वर्ष होता. वंदना दर रविवारी दोन बस बदलून, मऊ भाताचा डबा घेऊन जायची. तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. शेवटी तिथल्या मावशी तो भात भरवायच्या. हे मला वंदनानेच सांगितलं, फोनवर, रडत. मी ऐकून घेतलं. माझ्या एका वाक्याने सगळं सरळ झालं असतं. फ्लॅट तर तोवर माझ्या नावावर झालेला — मग आता कसली भीती होती? मी खोटं बोलले हे त्याला कळेल, याची. दीड वर्षात ते एक वाक्य मी बोलले नाही.

मग तो गेला. दिवसवार उरकल्यावर मी फ्लॅटमध्ये बॅग भरत होते. वंदना मदतीला आली होती. त्याचे शर्ट घड्या घालता घालता थांबली.

"वहिनी, मी त्याचं काय वाईट केलं होतं?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "आजारात माणसं अशी होतात."

तिने मान हलवली. डोळे पुसले. आणि मला विमानात खायला पोळीभाजी करून द्यायला स्वयंपाकघरात गेली. मी तिला थांबवलं नाही.