सलीमभाईच्या कॅफेतला ब्राउझर

मूर्तिजापूरचे आम्ही जुने मित्र जमलो की सलीमभाईच्या इंटरनेट कॅफेचा विषय निघतोच. कॅफे कधीचा बंद झाला, किस्से मात्र वाढतच चाललेत.

त्यातले निम्मे रुपेशचे. माझा वर्गमित्र. ब्राउझरला नवं एक्स्टेन्शन जोडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. एकदा त्यानं इतके टूलबार चढवले की वेबसाइट खाली दोन बोटं उरली. सलीमभाईंनी डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "बेटा, दरवाजे मस्त लावले. आता घर कुठी हाय ते सांग."

मग आली काळी थीम. लोडशेडिंगचे दिवस. सलीमभाई नमाज पढून आले, सगळे स्क्रीन काळे पाहिले आणि तडक मागे जाऊन जनरेटर सुरू केला. डोक्यावर पंखा फिरत होता, तरी!

जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकलं त्याच आठवड्यात आमचे रिटायर्ड गणिताचे सर मुलीसाठी स्थळं बघायला आले. त्या एक्स्टेन्शननं फोटोही गायब केलेले. सर म्हणाले, "पोरं शिकलेली हायेत, पण एकालेही तोंड नाही." रुपेशनं ते बंद करून दिलं. सरांनी चार-पाच फोटो नीट पाहिले आणि हळूच म्हणाले, "पहिल्यासारखंच करून दे."

पुढे रुपेशला पुण्यात नोकरी लागली. जायच्या दिवशी सलीमभाईंनी त्याच्याकडून शेवटचं एक्स्टेन्शन टाकून घेतलं. त्यात ब्राउझरच्या कोपऱ्यात पुण्याचं हवामान दिसायचं. मूर्तिजापूरच्या कॅफेत पुण्याचं हवामान कशाला, असं मी विचारलं, तर ते हसून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

त्या वर्षी आमच्याकडे पावसानं दडी मारली. सोयाबीन शेंगा धरायच्या आधीच माना टाकू लागलं. एका दुपारी रुपेशचे बाबा, देवीदासकाका, वावरातून थेट कॅफेत आले. कॉम्प्युटरसमोर ते पहिल्यांदाच बसत होते. पाऊस कधी येणार ते यात दिसतं का, असं त्यांनी विचारलं.

सलीमभाईंनी आधी मूर्तिजापूरचं हवामान काढलं, मग कोपऱ्यातल्या ढगाच्या चित्राकडे पाहिलं. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

"काका, आपल्याकडं काहीच नाही. पाऊस पुण्यात पडून राह्यला."

काकांनी वाकून तो ढग जवळून पाहिला. मग उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "पोराले फोन लावा. छत्री नेली नसन त्यानं."