कुरीहट्टीची गौरीहट्टी

दिनकर गुरुजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी त्यांच्याशीच भांडायला निघालो होतो. पायात चपला घातलेल्या, काठी हातात. सून म्हणाली, "मामा, बसा जरा. गुरुजी गेलं." माणसानं भांडण अर्धं टाकून जाऊ नये, एवढंच मनात आलं... सव्वा महिना झाला, राग अजून उतरलेला नाही.

गुरुजी साताऱ्याकडचे. जतच्या या कोरड्या मुलखात मास्तर म्हणून आले आणि इथलेच झाले. निवृत्त झाल्यावर शिवारातल्या जागांची जुनी नावं गोळा करायचं वेड लागलं. वही घेऊन बांधाबांधानं हिंडायचे, आणि पुढं वाट दाखवायला मी, चौथी शिकलेला धनगर. नाव कशावरून पडलं ते मी सांगायचं, त्यांनी लिहायचं. पण लिहिता लिहिता सुधारायची भारी खोड. ओढ्यापलीकडच्या माळाला आम्ही कुरीहट्टी म्हणतो. कानडीत कुरी म्हणजे मेंढरू, हट्टी म्हणजे वस्ती. माझ्या आज्याचा, बापाचा मेंढरांचा वाडा तिथं असायचा. गुरुजींनी लिहिलं, गौरीहट्टी.

"मूळ शब्द गौरीच असणार, बिरू. लोकांच्या तोंडी झिजला."

"आवं गुरुजी, तितं आमची मेंढरं बसत हुती. गौरी कवा बसली?"

"तुला व्याकरण कळत नाही."

"न्हाई कळत. मेंढरं कळत्यात."

असं दोन वर्षं चाललं. मग ग्रामपंचायत त्याच वहीवरून पाट्या रंगवणार असं ठरलं, आणि माझा जीव खालवर व्हायला लागला. पाटीवर एकदा गौरी चढली की माझ्या बापाची मेंढरं तिथं कधी नव्हतीच, असं होणार.

तेराव्यानंतर गुरुजींच्या पत्नीनं, बाईंनी, वही माझ्याकडं दिली. म्हणाल्या, "पंचायतीत द्यायच्या आधी बिरूला दाखव, म्हणाले होते." मी ते पान काढलं. गौरीहट्टी तशीच. बाजूला बारीक अक्षरात, 'बिरू कुरी म्हणतो. खात्री करावी.' आता खात्री कुणाकडं करणार होता हा माणूस? जुनं सांगणारा मी एकटाच उरलोय, आणि माझ्यावर तर भरवसा नाही...

शेवटी मीच गौरी खोडली आणि खाली कुरीहट्टी लिहिलं. वहीत त्यांचं तांबडं पेन खोचलेलं होतं. घरी आलेली लग्नपत्रिकासुद्धा त्या पेनानं तपासून परत द्यायचे, लोक वैतागायचे. मी लिहिलेलं नाव बराच वेळ समोर धरून बसलो. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर हाय का न्हाई, कुणास ठाऊक. उद्या वही पंचायतीत देणार आहे. चुकलं असलं तर आता ते पाटीवर तसंच राहील.