गोदाकाकूंचा अंदाज

मंगले, नीट ऐक, आणि आधी ती बाटली खाली ठेव. अकोल्याहून फोन करून मला सांगतेस, मांजरीच्या पिलांची पोटं फुगलीत, शेजारी बकऱ्यांचं जंताचं औषध आहे, त्यातलं थोडंसं पाजते! थोडंसं म्हणजे किती ग? तुझ्या त्या ‘थोडंसं’वरून मला आमच्या बडनेऱ्याच्या गोदाकाकू आठवल्या. तू त्यांना पाहिलं नाहीस. बरंच झालं, पहिल्या भेटीत तुला रडवलं असतं.

काकूंची आणि आमची भिंत एकच. त्यांच्या घरामागे झेंडूची आणि भाजीची वाडी, पुढे ओट्यावर दुकान. तराजू होता, पण नावाला. वांगी तळहातावर झुलवायच्या आणि वजन सांगायच्या. नव्या गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं, की तीच वांगी पारड्यात टाकून दाखवायच्या. काटा बरोबर मधोमध. मग त्या माणसाची खैर नसे. “पाह्यलं? आता घरी जाऊन बायकोले सांग, तुह्या नवऱ्याले डोये हायेत, अक्कल नाई!” लोक हसायचे आणि तो पिशवी घेऊन पळायचा. मीही हसायचे, खोटं कशाला सांगू?

सून वंदना नांदगाव खंडेश्वरची. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. घरची मांजर फुलांच्या पोत्यांमागे व्याली, तर ही पोरगी कामं आटोपून तिथेच बसायची. पिलं चालायला लागली. पाठीची हाडं दिसत होती, पोटं मात्र टरारलेली. वंदना म्हणाली, “आत्याबाई, दवाखान्यात नेऊ का?” ओट्यावर गिऱ्हाइकं उभी होती. काकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “या घरात पोट फुगते थे मांजरीच्या पिलाचंच. दुसऱ्या कोनाचं फुगलं का आजवर?”

त्या दिवशी कुणी हसलं नाही.

दुपारी काकूंनी घरच्या बकऱ्यांच्या जंताच्या औषधाची बाटली काढली. एकेक पिलू वांग्यासारखं हातावर झुलवलं. “बकरीले एवढं, तं याले एवढं. माह्या हाताले काटा कायले पायजे?” पिलाची मान मागे वाकवायची आणि टोपणाने ओतायचं. पिलं ठसकली, तोंडाला फेस आला. दिवेलागणीपर्यंत एकामागून एक तडफडून गेली. वंदना त्यांना मांडीवर घेऊन बसली होती. काकू हार ओवत होत्या. दोरा दातांनी तोडून म्हणाल्या, “रडून काय राहिली व? झेंडूच्या बुडाशी पूर. खत तरी होईन.”

आणि तिला पुरायला लावली.

एक भुरं पिलू तेवढं पोत्याखाली दडलं होतं म्हणून वाचलं. दुसऱ्या दिवशी वंदनाने ते टोपलीत घातलं, मी सोबत गेले. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आम्हाला रागावल्याच. मांजराचं औषध वेगळं असतं, तेही वय बघून आणि वजनावर. बकरीचं, कुत्र्याचं अंदाजाने देणं म्हणजे विष घालणं. पिलू मलूल असेल तर घरी काही पाजायचंच नाही, आधी आणून दाखवायचं. औषध बिनसुईच्या पिचकारीने गालाच्या कडेने, थेंब थेंब. मान सरळ ठेवायची, मागे वाकवली तर औषध छातीत उतरतं. पुन्हा कधी द्यायचं ते त्यांना विचारून, आणि पिलाच्या आईलाही द्यायचं.

पुढच्या खेपेला वजन करायला वंदनाने ओट्यावरचा तराजू ओढला. काकू ओरडल्या, “भाजीच्या पारड्यात मांजर! गिऱ्हाईक आलं तं भाव काय सांगू व?”

वंदनाने काट्यावरची नजर हलवली नाही. “हे इकाचं नाई,” म्हणाली.

भुरी जगली, चांगली गुबगुबीत झाली. आणि मग काकूंना लकवा झाला. उजवा हात गेला, तोच वजन सांगणारा. गिळणं अवघड झालं. डॉक्टरांनी पातळ औषध द्यायला सांगितलं, उठवून बसवायचं आणि पिचकारीने गालाच्या कडेने. पिचकारी पाहिली आणि काकूंनी दात आवळले.

“उघडा तोंड, आत्याबाई. मोजून देऊन राहिली मी. तुमच्यावानी अंदाजानं नाई.”

काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. वंदनाने ते पुसलं नाही. मान सरळ धरली, थेंब थेंब औषध दिलं, ठसका लागू दिला नाही. काकू जाईपर्यंत रोज असंच, आणि रोज तेच बोलणं. माझ्याच्याने ऐकवेना. एकदा म्हटलं, “वंदे, आता तरी सोड.”

ती पिचकारी धूत होती. “औषध चुकवलं का मावशी मी एक तरी दिवस? मंग बोलनं काहून चुकवू?”

मी काकूंची उशी सारखी केली आणि घरी आले.

तर मंगले, ती बाटली ज्यांची त्यांना परत कर. पिलांना आजच तिथल्या जनावरांच्या डॉक्टरकडे ने. बरी झाली की झाकणाच्या टोपलीत घालून इकडे घेऊन ये. वंदना फारशी बोलत नाही, पण दारात पिलू दिसलं की आधी तो तराजू पुसायला घेते. लवकर ये ग, वाट पाहतो आम्ही दोघी.