चिमीची दाटीची झोप

"सरका, सरका. अजून दोगं बसत्यात." जीप गच्च भरलेली असली तरी भाऊंचं हे ठरलेलं. नारायणगाव ते बेल्हे रस्त्यावर ते वडाप, म्हणजे भाड्याची जीप, चालवायचे आणि माणसं अशी कोंबायचे, की उतरताना आपलाच पाय कुठला ते शोधावं लागायचं. मी त्यांची शेजारीण, बरीच चेपले गेलेय, म्हणून हक्कानं सांगते.

अशा हसऱ्या माणसाला दिवेलागण झाली की धास्ती भरायची. त्यांची मुलगी चिमी ऑटिझमची. हा शब्द तेव्हा आमच्या गल्लीला नवा होता. अंथरूण घातलं की पोर भिंतीला अंग घासायची, किंचाळायची, पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. रोज एकाच वेळी, एकाच क्रमानं झोपवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेही करून झालं. तिची आई, आमच्या वहिनी, पार वाळल्या. शेवटी भाऊंच्या थोरल्या बंधूंनी ठरवलं, पोरीला लांबच्या संस्थेत ठेवायचं. भाऊंचं एकच, "माझी पोर कुठं जात न्हाई."

आणि बेल्ह्याच्या एका बैलबाजाराच्या दिवशी काय झालं, ऐका! वहिनी चिमीला घेऊन भाऊंच्याच जीपनं माहेरी आळ्याला निघाल्या, सोबत मी. पोर आमच्या दोघींच्या मध्ये रुतली. मागून व्यापारी रेटतायत. आता ही किंचाळणार म्हणून मी देवाचं नाव घेतलं. तर आळेफाटा यायच्या आत पोर गाढ झोपलेली! भाऊंनी आरशात बघितलं आणि गाडी हळू केली.

आळं आलं. माणसं उतरली तर दाटी मोडणार. भाऊंनी मागं वळून हळूच सांगितलं, "कुनी उतरायचं न्हाई. माझी पोर झोपलीय." आळ्याची माणसं दबक्या आवाजात शिव्या देत बेल्ह्यापर्यंत आली, राव!

त्या संध्याकाळपासून भाऊंनी घरातच जीप भरली. एका अंगाला वहिनी, दुसऱ्या अंगाला स्वतः, मध्ये चिमी, पायाशी गोधड्यांच्या वळकट्या. दिवा मालवून रोज त्याच क्रमानं, हलक्या आवाजात एकेक थांबा पुकारायचे. लगेच नाही जमलं. पण आठवड्याभरात पोर झोपायला लागली. वहिनी हसत-रडत ओट्यावर आल्या आणि आख्ख्या गल्लीनं चहा केला. मला तर नाचावंसं वाटत होतं. थोरल्या बंधूंनी संस्थेचा विषय सोडला.

पुढं काही वर्षांनी भाऊ छातीत कळ येऊन गेले. त्याच दिवशी संध्याकाळी भरल्या घरात थोरल्यांनी पुन्हा विषय काढला, एकट्या बाईला आता हे कसं झेपणार. आत वहिनींनी अंथरूण घातलं होतं. एक बाजू रिकामी. चिमी भिंतीला अंग घासायला लागली.

मग ती उठली. परक्या माणसाला कधी आपणहून हात न लावणारी पोर पाहुण्यांतून वाट काढत आली, माझं मनगट धरलं, आत नेलं आणि त्या रिकाम्या बाजूला मला निजवलं. पाठ माझ्या अंगाशी घट्ट लावली. वहिनी थांबे सांगायला लागल्या. बाहेरून थोरले दारात आले आणि त्यांनी दिवा मालवला.

मला हमसून रडायचं होतं. पण हलले असते तर पोर जागी झाली असती.