न्यू लिनमधली लाल वहीवाली बाई

ऑकलंडच्या न्यू लिन भागातल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप गटांवर गेल्या वर्षी एक संदेश फिरला. तो अजूनही अधूनमधून डोकं वर काढतो, असं मुलगा सांगतो, म्हणून हे लिहावं लागतं आहे. संदेश असा होता: "सावधान. घरून डबे देणाऱ्यांनी लक्ष द्या. काउन्सिलने एक मराठी बाई तपासणीला लावली आहे. उंच, करडे केस, साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात लाल वही. गोड बोलून स्वयंपाकघर बघायला मागते."

ती बाई मी. मला काउन्सिलने, म्हणजे तिथल्या महापालिकेने, लावलेलं नव्हतं आणि मी गोड बोलत नाही. बाकी वर्णन बरोबर आहे.

मी साताऱ्याची. होम सायन्सची पदवी घेतल्यावर तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. मेसचे कंत्राटदार मी इतके पाहिले की कोणी वाढलेल्या ताटाकडे बोट दाखवलं की माझी नजर आधी पातेल्याच्या तळाकडे जाते. हा स्वभाव निवृत्तीबरोबर जात नाही.

२०१८च्या सुरुवातीला समीरचा, माझ्या मुलाचा, फोन आला. बोलता बोलता, गाडीचं सर्व्हिसिंग झाल्याचं सांगावं तसं, त्याने सांगितलं की तीन आठवड्यांपूर्वी तो दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होता. पोटात अल्सर. वय एकेचाळीस, लग्न मोडून चार वर्षं झालेली, घरात एकटा. नोकरी पेनरोजच्या एका कारखान्यात, सकाळी सहाला घराबाहेर. डॉक्टरांनी वेळेवर आणि कमी तिखट खायला सांगितलं होतं.

"मग काय खातोस?"

"कारखान्याजवळच्या डेअरीतून मीट-पाय घेतो. इट्स ऑल गुड, आई."

तिथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान, आणि मीट-पाय म्हणजे मैद्याच्या कवचात कोंबलेला खिमा. मी तीन महिन्यांचं तिकीट काढलं. परत येण्याआधी न्यू लिनमध्ये असा कोणीतरी शोधायचा, जो आठवड्यातले पाच दिवस माझ्या मुलाला घरचं जेवण देईल. प्रवासाचा उद्देश एवढाच.

जाणाऱ्यांसाठी पहिली सूचना विमानतळाची. खाण्याचं जे काही न्याल ते विमानात मिळणाऱ्या कार्डावर लिहा. लपवाल तर मोठा दंड आहे. मी गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, सगळं लिहिलं होतं. अधिकाऱ्याने प्रत्येक डबा उघडून पाहिला, घरचं तूप बाजूला काढलं आणि दिलगिरी व्यक्त केली. त्याचा एक छोटा कुत्रा माझ्या पिशवीभोवती दोनदा फिरला. बाहेर आल्यावर हे ऐकून समीरला वाटलं मी रागावले असेन. मला तो देश तेव्हाच आवडला. तपासतात, आणि तपासताना लाजत नाहीत.

पहिला आठवडा हॉटेलांचा. न्यू लिनचं स्टेशन रस्त्याच्या पातळीखाली आहे, वर बसगाड्या, पलीकडे मॉल. चालत फिरण्यासारखा भाग आहे आणि भारतीय पाट्या भरपूर. एका भाजीला पंधरा ते अठरा डॉलर पडतात, भात बहुतेक ठिकाणी त्यातच. मागवताना विचारतात, माइल्ड, मीडियम की हॉट. पदार्थ कोणता याने फारसा फरक पडत नाही, असा माझा संशय होता. तो तपासायला मी एका ठिकाणी तीन भाज्या मागवल्या आणि तिन्हींचा रस्सा वेगवेगळ्या बशांत काढून ओळीने ठेवला. वाढणारा पंजाबी मुलगा बघत उभा राहिला.

"आंटी, कुछ गड़बड़ है?"

"ग्रेवी कितनी तरह की बनाते हो?"

"तीन, आंटी."

"मुझे तो एक ही दिखी. बाकी दो में क्रीम और मिर्च है."

त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आंटी, आप घर पे क्यों नहीं बनातीं?"

सल्ला योग्य होता, पण मी नव्वद दिवसांची पाहुणी. वहीत नोंद केली: क्रीम फार, मुलगा प्रामाणिक.

दुसऱ्या आठवड्यात शहराच्या उत्तर टोकाला, अल्बनीला जाऊन आले. आधी रेल्वेने शहरात, तिथून उत्तरेकडच्या बसने. बसचा रस्ता वेगळा आखलेला आहे, त्यामुळे बाजूला गाड्या तुंबल्या तरी बस थांबत नाही. बसमध्ये रोख घेतील याच्या भरवशावर राहू नका, प्रवासाचं कार्ड आधी काढून ठेवा. मॉलजवळ छान तळं आहे. फूड कोर्टमधला डोसा बारा डॉलरचा, कुरकुरीत होता. चटणी सुक्या खोबऱ्याच्या किसाची आणि सांबार गोड. शिवाय चांगला असता तरी सकाळी सहाला पेनरोजला निघणारा माणूस अल्बनीहून जेवण कसं आणणार? तळ्यातल्या बदकांकडे बघत मी बरोबर नेलेली मेतकूट-पोळी खाल्ली.

एका रविवारी समीर मला पश्चिमेच्या समुद्रावर घेऊन गेला. काळी वाळू, उन्हात तव्यासारखी तापते. रबरी चपला हव्यातच, त्यांना तिथे जॅन्डल्स म्हणतात. मी थालीपिठं केली होती. समीरने दोन खाल्ली, तिसऱ्याला हात पोटावर ठेवला आणि म्हणाला, "तू गेल्यावर मी नीट खाईन गं." असं वाक्य वसतिगृहातल्या मुली घरच्यांना फोनवर सांगायच्या. मी शेजारी उभी असायचे.

खरा पत्ता मिळाला भारतीय किराणा दुकानात. मालक गुजराती, मराठी उत्तम बोलतात. मी रव्यात किडे आहेत का ते पिशवी उजेडात धरून बघत होते.

"काकू, घरचा डबा हवाय ना? मंजिरी म्हणून आहे एक, नाशिकची. तुमच्या मागच्याच गल्लीत. पण मी सांगितलं म्हणू नका."

"का म्हणायचं नाही?"

"नका म्हणू, एवढंच."

चांगल्या अन्नाचा पत्ता कोणी कुजबुजून देतं का? मी तिथेच सावध झाले. तरी समीरसाठी डबा लावला. बारा डॉलर. चार पोळ्या, भाजी, आमटी, भात.

आठ दिवस समीर डबा संपवत होता आणि मी संपण्याआधी तपासत होते. आमटी चांगली, पण मसाला विकतचा, जरा शिळा. भाजी ताजी. माझा संशय पोळ्यांवर होता. सगळ्या एका मापाच्या, एका जाडीच्या. मेसमध्ये अशा पोळ्या यायच्या तेव्हा त्या बाहेरून आणलेल्या असायच्या. नवव्या दिवशी मी मंजिरीच्या दारात गेले. तिशी ओलांडलेली, केस वर बांधलेले, हाताला पीठ.

"मी समीरची आई. स्वयंपाकघर बघायचं होतं."

तिने दार थोडं ओढून घेतलं. "आत्ता पसारा आहे, काकू. परत कधीतरी."

"पोळ्या कोण करतं?"

"मीच."

"तेल कुठलं? फ्रीज किती? दिवसाला डबे किती जातात?"

ती माझ्या वहीकडे बघत राहिली. मी तिच्यासमोरच लिहिलं: दाखवायला तयार नाही.

पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण सांगते. मंगळवारी त्या गल्लीत सगळे कचऱ्याचे डबे रस्त्याच्या कडेला आणून ठेवतात. सकाळी फिरायला गेले असताना मी मंजिरीच्या घरासमोरच्या पिवळ्या झाकणाच्या, पुनर्वापराच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचललं. गोठवलेल्या पोळ्यांची पाकिटं शोधत होते. आत तेलाचे कॅन होते, कणकेच्या मोठ्या कागदी पिशव्या होत्या, पाकीट एकही नव्हतं. समोरच्या खिडकीतला पडदा हलला. मी झाकण ठेवलं आणि चालू लागले.

त्या संध्याकाळी समीर डब्याशिवाय आला. मंजिरीचा संदेश आला होता: काही दिवस डबे बंद, सॉरी. त्यानंतर त्याने मला तो दुसरा संदेश वाचून दाखवला, जो वर दिला आहे. वाचताना त्याने एकदा माझ्या बुटांकडे पाहिलं.

"तीन घरांनी डबे बंद केलेत, आई. फक्त मंजिरीने नाही."

"मी फक्त विचारलं."

"तू कचरा उघडून बघितलास."

तो गाडीची किल्ली घेऊन बाहेर गेला आणि कागदी पिशवीतून मीट-पाय घेऊन आला. टेबलाशी बसून खाल्ला. ज्याच्यासाठी मी अर्धी पृथ्वी ओलांडून आले होते, त्याचं जेवण मीच बंद केलं होतं.

मंजिरीचा शेवटचा डबा आमच्याकडे राहिला होता. रिकामा डबा परत देऊ नये, हे आईने शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी मी तो घासून पुसून त्यात गोडा मसाला भरला, वही घरी ठेवली आणि तिच्याकडे गेले. दार साखळीपुरतं उघडलं.

"मी काउन्सिलची नाही," मी म्हणाले. "साताऱ्याची रिटायर्ड रेक्टर आहे. चूक माझी आहे. हा तुझा डबा."

तिने फटीतून डबा घेतला आणि झाकण उघडलं. मसाल्याच्या वासाने तिचा चेहरा जरा सैल झाला. साखळी तरीही तशीच.

"काकू, खरं सांगा. माझं परवान्याचं झालेलं नाही म्हणून आलात ना?"

"परवाना लागतो हेच मला माहीत नव्हतं."

मग साखळी निघाली. पसारा कसला, ओटा माझ्या ओट्यापेक्षा स्वच्छ होता. ओट्यावर कणकेचे गोळे होते, प्रत्येक गोळा छोट्या वजनकाट्यावर तोललेला. पोळ्या एका मापाच्या का, ते कळलं. तीच म्हणाली, "हॉस्पिटॅलिटी शिकायला आले होते इथे. सवय लागली."

घरून अन्न विकायचं तर काउन्सिलकडे नोंदणी लागते. तो अर्ज तिच्या ड्रॉवरमध्ये तीन महिने पडून होता. त्यात लिहून द्यायचं होतं की फ्रीजचं तापमान कोण बघतं, ओटा केव्हा पुसला जातो, शिजवलेलं अन्न किती वेळात गार होतं. त्यानंतर तपासायला माणूस येणार.

"हे वाचून मला घाम फुटतो," ती म्हणाली. "इंग्रजी येतं हो. पण रोज लिहायचं काय आणि कसं? नापास झाले तर आहे तेही जाईल."

मी कागद वाचले. दोनदा वाचले. तीस वर्षं मी हेच लिहीत होते, फक्त वरती मेस रजिस्टर असं नाव होतं.

"पेन आण," मी म्हणाले.

पुढचे सहा आठवडे माझं न्यूझीलंड म्हणजे मंजिरीचा ओटा. सकाळी समीरचा डबा मी करत होते, अकरा वाजता मागच्या गल्लीत जात होते. परवान्याशिवाय एकही डबा बाहेर जायचा नाही, ही माझी अट. ती मी घातली तेव्हा तिचा नवरा सोफ्यावरून म्हणाला, "म्हणजे काउन्सिल परवडलं." मंजिरी खो खो हसली. मला ते ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

अर्ज गेला. रजिस्टर सुरू झालं. पहिल्या आठवड्यात मंजिरीने फ्रीजच्या तापमानाचे सहा दिवसांचे आकडे एकदम, एकाच शाईने भरले. मी ते पान फाडायला लावलं.

"काकू, कोणाला कळणार आहे?"

"मला कळलं. तपासणाऱ्यालाही कळेल."

तपासणीचा दिवस माझ्या परतीच्या पाच दिवस आधी आला. समीरने मला तिथे थांबू दिलं नाही. "आई, तू तपासणाऱ्यालाच तपासशील." मी बस स्टॉपच्या बाकावर बसले. तीन बस गेल्या. गोरा, जाडा, वयस्क माणूस बाहेर आला, हातात फाइल. जाताना माझ्याकडे बघून "किया ओरा", म्हणजे तिथला नमस्कार, म्हणाला. चेहऱ्यावरून काही कळेना. असेच चेहरे मी कंत्राटदारांना दाखवत असे.

मंजिरी दारात उभी होती. "झालं, काकू. फ्रीजमधला थर्मामीटर बदलायला सांगितला, बाकी सगळं ओके. रजिस्टर बराच वेळ बघत होता. कोणी शिकवलं म्हणून विचारलं."

"काय सांगितलंस?"

"मावशीने."

आता मी साताऱ्यात आहे. समीर सोमवार ते शुक्रवार मंजिरीचा डबा नेतो. वजन तीन किलो वाढलं असं म्हणतो. मी वजनकाट्याचा फोटो मागवला. न्यू लिनमध्ये चांगलं भारतीय जेवण मिळतं का, असं मला लोक विचारतात. मिळतं. हॉटेलांत मागताना रश्श्याकडे लक्ष द्या, किराणा दुकानदारावर विश्वास ठेवा, आणि कोणाच्या कचऱ्याचं झाकण उचलू नका. संशय घ्यायला माझी अजूनही हरकत नाही. मात्र संशय घेणाऱ्याने नंतर पेन घेऊन तिथे बसायची तयारी ठेवावी, एवढं मी तिथून घेऊन आले.

वसतिगृह सोडताना नव्या रेक्टरला चार्ज देण्याची एक पद्धत असते. काय काय हाती सोपवलं ते लिहायचं आणि दोघींनी सही करायची. निघायच्या सकाळी मी तसा कागद केला. मंजिरी आधी हसली, मग तिने सही केली. त्याची प्रत माझ्याकडे आहे. ती जशीच्या तशी देते.

चार्ज दिला: गोडा मसाला, दोन बरण्या. मसाल्याची कृती, मापासकट, एक पान. फ्रीजच्या तापमानाचं रजिस्टर, पुढच्या सहा महिन्यांच्या रेघा आखून. लाल वही, एक. त्यातली "दाखवायला तयार नाही" ही ओळ खोडून, शेजारी सही करून. मुलगा, एक, वय एकेचाळीस. पोट नाजूक. कारलं आवडतं, पण मागणार नाही. "इट्स ऑल गुड" म्हणाला तर पुन्हा विचारावं.

चार्ज घेतला: स्टीलचा डबा, एक. रिकामा नव्हता.