प्रतिज्ञापत्रातलं चौथं पान

माझ्या पहिल्या प्रणयदृश्याला नोटरीचा शिक्का आहे. थट्टा नाही, कागद कपाटात आहे. गोल लाल शिक्का, वकिलांची सही आणि खाली कोपऱ्यात सत्तरीच्या एका बाईचा निळा अंगठा.

पनवेलला तहसील कचेरीजवळच्या गल्लीत एक टायपिंगचं दुकान आहे, तिथे मी बसते. प्रतिज्ञापत्रं, करारनामे, वारसांच्या याद्या. दुकानाचे मालक देवभक्त माणूस, कपाळाला गंध, कांदासुद्धा न खाणारे. एक ते तीन ते घरी जेवायला आणि लवंडायला जातात, आणि ते दोन तास कॉम्प्युटर माझा. लिहिलेलं पेन ड्राइव्हवर घेते आणि तो पर्समध्ये ठेवते. घरी लिहिणं शक्यच नाही. दोन खोल्या, नवरा, सासू, आणि एकुलत्या एका टेबलावर टीव्ही.

मी शृंगारिक प्रेमकथा का लिहायला लागले ते सांगत नाही. कोणाला पटायचं नाही आणि लोक नको तो अर्थ काढतात. कथांच्या एका अ‍ॅपला मी टोपणनावाने दोन भाग पाठवले होते. तिथल्या संपादक बाईंनी उलट लिहिलं, ‘भाषा छान आहे, पण वाचून आत काही हलत नाही. तिसरा भाग पाठवून पाहा. तोही असाच असेल तर थांबू या.’ मी मनात म्हटलं, जळते मेली! माझ्या नायिकेचे खांदे संगमरवरी होते, बोटं चाफेकळी होती, खिडकीत चंद्र होता. आणखी काय पाहिजे हिला?

कागदावर घेतल्याशिवाय मला चुका दिसत नाहीत. म्हणून एका दुपारी तिसऱ्या भागातलं मुख्य पान छापायला दिलं, आणि नेमके मालक अर्धा तास आधी दारात. त्यांच्या मागे जासईकडचं एक म्हातारं जोडपं. आजींच्या वडिलांच्या जमिनीचं काहीतरी होतं, वारसाचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. मी घाईघाईत माझं पान प्रिंटरजवळच्या कागदांत सरकवलं आणि त्यांचं काम टाइप करायला घेतलं. छापून, पिन मारून दिलं. बाहेर बाकड्यावर बसणाऱ्या नोटरी वकिलांनी आत येऊन पानोपानी शिक्का मारला, आजींनी माझ्या टेबलापाशी पानोपानी अंगठा दिला. वाचतं कोण?

त्यात आजोबांचं एक खूळ. आजींनी अंगठा उठवला की ते तिचा हात धरायचे आणि तो शाईचा अंगठा आपल्या पांढऱ्या केसांत पुसायचे. दर पानाला. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. मी ओरडले, "आजोबा, टेबलावर चिंधी ठेवलीये ना! आटपा लवकर."

संध्याकाळी माझं पान शोधलं तर नाही. टेबलाखाली नाही, टोपलीत नाही, मशीनमध्ये नाही. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला: ते आजींच्या प्रतिज्ञापत्रात पिन मारून गेलं होतं.

मी मुळातच संशयी आहे. सासू म्हणते, हिला देवाने प्रसाद दिला तर ही आधी हुंगून बघेल. त्यापुढचे अकरा दिवस मी कोणाकोणावर संशय घेतला नाही ते विचारा. मालक जेवायला घरी जायचे बंद झाले, डबा आणून माझ्यासमोर बसून खायला लागले. म्हटलं, संपलं, यांच्या हाती पान लागलंय, आता पाळत ठेवतायत. (त्यांची बायको माहेरी गेली होती, हे मला नंतर कळलं.) वकील जाता जाता म्हणाले, "मॅडम, तुमचं मराठी फार चांगलं हो." इतक्या वर्षांत कधी नाही ते आत्ताच कसं सुचलं? आणि नवरा! तो कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे, दिवसाला दहा शब्द बोलतो. त्यातले सहा त्याने एका रात्री जेवताना खर्च केले, "हल्ली दुपारी फोन का उचलत नाहीस?" मी भाकरी तोडता तोडता थांबले. म्हटलं, याला कोणी काय सांगितलंय?

आजोबांचा नंबर अर्जावर होता. पण फोन करून बोलणार काय? आजोबा, तुमच्या प्रतिज्ञापत्रात माझं एक चुंबन गेलंय, तेवढं परत करा? नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पण ते दोन तास कुठून आणू? मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. खरं सांगते, नोकरीसाठी नाही, लिहिणं जाईल म्हणून रडले.

बाराव्या दिवशी आजी एकट्याच दुकानात आल्या आणि हातातली पिशवी धाडकन टेबलावर ठेवली. सुका जवळा! तो मासळीचा वास पसरल्याबरोबर मालक नाकाला उपरणं लावून जे बाहेर पडले ते थेट चहाच्या टपरीवर.

"मुद्दाम आनला," आजी म्हणाल्या. "बगत व्हते तुजा शेठ उठतो का." मग पिशवीतून घडी केलेला कागद काढला. "बाय, ह्यो चवथा कागद आमचा नाय. कचेरीन द्यायच्या आदी नातीनं वाचून दाखवला."

मी म्हटलं, "कोणा गिऱ्हाइकाचा असेल."

"तुजाच हाय. तुजं तोंड सांगतंय."

मग माझाही पारा चढला. "असला तर काय झालं? तक्रार करायचीये? करा."

"तक्रार कसली? यान चांद हाय, व्होट हाय, खांदं हायत. पन मानसं नाय. ह्या दोगांनी एकमेकांना कंदी हात लावलेला नाय, ते कलतं." आजींनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "तू मला चिंधी दाखवलीस त्या दिशी. आमी लगीन झाल्यावं मिठागरावं कामाला व्हतो. हप्त्याच्या पगाराला अंगठा द्याचा. मला ती शाई आवडं नाय, मी लुगड्याला पुसत व्हते, सासू बोलं. म्हून यो म्हनला, माज्या केसान पूस, काल्या केसान कोनाला दिसतंय? तवापासून पुसतो. आता केस पांढरं झालं. निळं दिसतंय, पोरं हसतात. तरी पुसतो."

जे माझ्या टेबलासमोर पाच वेळा घडलं, त्याच्यावर मी ओरडले होते, आणि लिहीत बसले होते संगमरवर. लाज वाटली, अगदी कानापर्यंत. विचारलं, "आजोबा कुठेत?"

"भायेर रिक्षान. नातीनं वाचल्यापासून लाजतो मेला."

मी दारातून डोकावले. आजोबा रिक्षात पाठमोरे बसले होते. टोपी नव्हती, आणि डोक्यावर निळसर डाग अजून पुसट दिसत होता.

मालकांची बायको माहेरून आली, दुपारचे दोन तास परत मिळाले, आणि मी तिसरा भाग नव्याने लिहिला. चंद्र काढून टाकला. एक बाई, एक बाप्या आणि शाईचं पॅड. बाकी सगळं रात्रीचं जे लिहायचं ते लिहिलंच, हात आखडला नाही, पण सुरुवात त्या अंगठ्यापासून केली. संपादक बाईंचं उत्तर आलं, ‘पुढचा भाग कधी?’ कथा टोपणनावाने छापून आली. मी कोणालाही सांगितलं नाही, आणि फोनला पासवर्ड घातला.

त्यानंतर महिनाभराने दुकानातलं पॅड सांडलं आणि माझा उजवा अंगठा निळा झाला. साबणाने जाईना. घरी ताटं मांडताना नवऱ्याने तो पाहिला. सासू टीव्हीसमोर होती. तो उठला, मोरीपाशी माझा हात धरला, आणि माझा अंगठा आपल्या डोक्यावर घासला. त्याच्या डोक्यावर आता केस उरलेत किती! शाई सगळी टकलाला लागली.

मी हळूच विचारलं, "तू वाचतोस?"

"तिसऱ्या भागापासून बरं लिहितेस," तो म्हणाला.

म्हणजे पहिले दोनही! ते तर मी पाठवलेले फक्त, छापलेले नव्हते. ते फक्त पेन ड्राइव्हवर होते. आणि पेन ड्राइव्ह माझ्या पर्समध्ये! मी काही बोलणार तेवढ्यात सासूने मान वळवून विचारलं, "काय रे, डोक्याला काय लागलंय ते?"

"यार्डात रंग लागला," तो म्हणाला आणि जेवायला बसला.