मुलाखतीचा लाल दिवा

कंपनीच्या फोनवर बसणाऱ्या ताईंचा आवाज गोड, म्हणून कंपनीचा पॉडकास्ट त्यांच्याच गळ्यात पडला. म्हणे, त्याने माणसं जोडली जातात! साहेब नाव देणार, ताई त्या कामगाराची मुलाखत घेणार. पण मुलाखत झालेल्या तिघांना कंपनीने महिन्याभरात घरी बसवलं. तेव्हापासून ताईंच्या हातात माइक दिसला की माणसं पसार होत.

आज समोर त्यांचा धाकटा दीर बसला होता, पॅकिंगमधला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून.

"लोकांचं काय ऐकता, वहिनी? साहेबांनी स्वतःहून नाव दिलंय माझं! झालं का सुरू?"

ताईंनी मान डोलावली, पण रेकॉर्डिंगचं बटण दाबलं नाही. काचेपलीकडे साहेब उभे होते, लाल दिवा लागायची वाट बघत.